वडगावच्या रस्त्यावर एकशे दहा पेट्या

बार्शीहून निघालो तेव्हा रात्र पडली होती. मधमाश्यांच्या पेट्या हलवायच्या तर हीच वेळ धरावी लागते. रानात गेलेल्या माश्या अंधारून येताना घरी परततात. मग प्रत्येक पेटीच्या तोंडाला जाळी ठोकायची, पेट्या ट्रकवर चढवायच्या, दोरखंडाने आवळायच्या आणि दुसऱ्या दिवशी ऊन तापायच्या आत नव्या जागी पोचायचं. आमच्याकडचं धने-करडईचं फूल संपलं होतं. शाहूवाडीच्या डोंगरात जांभळं फुलायला लागल्याचा निरोप आला होता. तिथे एकदा पेट्या मांडल्या की दीड महिना फुलाची चिंता नसते.

पेट्या चढवायला गावातली दोन माणसं होती. काम झाल्यावर ती आपापल्या घरी जेवायला गेली आणि मी केबिनमध्ये चढलो. ट्रक माझा, चालवणाराही मीच. वीस वर्षं शेजारच्या सीटवर माझी बायको सुमन असायची. पेट्यांना जाळ्या ठोकणं, वाटेत पाणी मारणं, डोंगरात झोपडी टाकून दीड महिना राहणं, सगळं दोघांनी केलं. गेली दोन वर्षं ती पुण्याला लेकीकडे असते. नात लहान आहे आणि लेक-जावई दोघंही नोकरीला जातात. आम्ही कधी भांडलो नाही. ती महिन्याभरासाठी म्हणून गेली आणि महिन्याला महिना लागत गेला.

गाडीचं एक दुखणं मला माहीत होतं. दिवाळीपासून सेल्फ (किल्ली फिरवली की इंजिनाला गरका देणारी मोटर) जड झाला होता. पूर्वी एका दमात इंजिन चालू व्हायचं. आता तो थांबत थांबत फिरायचा, म्हाताऱ्या माणसाने जिना चढावा तसा. बार्शीतल्या दुकानदाराने बॅटऱ्या संपल्याचं सांगितलं, म्हणून दोन्ही नव्या घातल्या. चार दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. पेट्या हलवायची तारीख तोंडावर आली होती, त्यामुळे मी साधा उपाय ठरवला: वाटेत इंजिन बंदच करायचं नाही.

सांगोला गेलं, मिरज गेलं. डिझेलही मी गाडी पंपापासून लांब चालूच ठेवून, कॅनमध्ये आणून भरलं. हातकणंगल्याच्या पुढे उजाडायला लागलं. दोन्ही बाजूंना ऊस, अर्धा तुटलेला, अर्धा उभा, आणि त्यांच्या मधून बैलगाडीच्या चालीने जाणारे उसाचे ट्रॅक्टर. हवेत गुळाचा वास होता. पेठ वडगावच्या अलीकडे एका चहाच्या टपरीसमोर गाडी कडेला घेतली. डोळे चुरचुरत होते. चहा घेऊन वारणेच्या बाजूने सरळ बांबवडे गाठायचं, नवाच्या आत डोंगरात, असा हिशेब होता.

आणि गाडी उभी करताना मी इंजिन बंद करायची तार ओढली.

असं कसं झालं, हे मी स्वतःला खूपदा विचारलं. मुद्दाम नव्हतं. गाडी थांबली की तार ओढायची, हे हाताला पाठ झालेलं. पूर्वी चहाला थांबलो की सुमन केबिनमध्ये बसून राहायची आणि मी काही विसरलो तर आठवण करायची. इंजिन थांबलं आणि मागच्या पेट्यांचा आवाज एकदम मोठा झाला. तो आधीही होता, पण इंजिनाखाली दबलेला. मी लगेच किल्ली फिरवली. सेल्फने एक गरका दिला, अर्धा गरका दिला आणि थांबला. पुन्हा फिरवली. टक् असा आवाज आला आणि काही नाही.

ज्यांना मधमाश्यांचं काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गाडी चालू असते तोवर पेट्यांमधून वारा खेळतो. गाडी थांबली आणि ऊन चढलं की आतल्या हजारो माश्यांची स्वतःचीच उष्णता कोंडते. त्या घाबरून जास्त फडफडतात, त्याने आणखी तापतं. मार्चच्या उन्हात दोन-तीन तासांत सगळी पेटी तळाशी ओली होऊन मरून पडते. एकशे दहा पेट्या म्हणजे माझी बावीस वर्षं होती.

टपरी एका बाईंची होती. आजूबाजूचे त्यांना अक्का म्हणत होते, म्हणून मीही म्हणालो. त्यांना अडचण सांगितली आणि विचारलं की पेट्यांच्या जाळ्या इथेच उघडल्या तर चालेल का. माश्या बाहेर पडल्या असत्या, निदान जगल्या असत्या. अक्कांनी रस्त्यापलीकडे बोट दाखवलं. दोनशे पावलांवर गुऱ्हाळ चालू होतं, काहिलीतून (रस उकळायच्या मोठ्या कढईतून) वाफ उठत होती.

"माझ्या दिराचं गुऱ्हाळ हाय ते," त्या म्हणाल्या. "हितं सोडलं तर सगळ्या तिकडंच जातील की. त्याचा गूळ बी जाईल आन् तुमच्या माश्या बी. मी न्हाई म्हणत न्हाई पावणं, तुमी इचार करा."

त्यांचं बरोबर होतं. गोडाचा वास लागला की माशी थांबत नाही. उकळत्या रसात पडून त्या मुठी-मुठीने मेल्या असत्या.

चहा प्यायला आलेले चारजण ढकलायला तयार झाले. ट्रकच्या मागे गेले, हात लावले आणि आतला घुमारा ऐकून हळूच मागे सरले. मला राग आला नाही. मग एक ट्रॅक्टरवाला थांबला. त्याने ट्रॉली सोडवली, दोर बांधला, मी गियर टाकून क्लच धरून बसलो. त्याने ओढलं, मी क्लच सोडला, गाडीला जोरात हिसका बसला आणि दोर तुटला. मागे लाकूड लाकडावर आपटल्याचा आवाज आला. शेवटच्या रांगेतली एक पेटी तिरपी झाली होती, तिच्या जाळीचा कोपरा निघाला होता आणि माश्या बाहेर पडून फळीवर चढत होत्या. दोर सोडवायला आलेल्या ट्रॅक्टरवाल्याला कानामागे दोन चावल्या. तो ट्रॉली जोडून निघून गेला. नंतर कोणी जवळ आलं नाही. लोक रस्त्यापलीकडे उभे राहून बघत होते. पुन्हा हिसका द्यायची माझीही छाती नव्हती, आत नवी पोळी होती, ती तुटून राण्या चिरडल्या असत्या.

अक्कांनी दोन बादल्या पाणी दिलं. मी जाळ्यांवर पाणी शिंपडलं, निघालेला कोपरा ठोकून बसवला आणि केबिनमध्ये जाऊन बसलो. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. पाठीमागचा आवाज हळूहळू चढत होता. तापलेल्या पेटीचा आवाज वेगळा असतो, बारीक आणि एकसुरी. ऊन बॉनेटवर आलं, मग काचेवर. फोन हातात घेतला आणि ठेवला. सुमनला सांगून ती पुण्याहून काय करणार होती? नातीच्या दुधाची वेळ असेल, असं मनाशी म्हणालो.

अक्कांनी दरम्यान कोणाला तरी फोन लावला होता. पाऊण तासाने एक साठीतले गृहस्थ सायकलवरून आले. कॅरिअरला पत्र्याची पेटी बांधलेली. कांबळे त्यांचं नाव. बस डेपोत तीस वर्षं इलेक्ट्रिशियन होते, आता गावात छोटं दुकान होतं. त्यांनी ट्रककडे पाहिलं, माश्यांकडे पाहिलं आणि सायकल स्टँडवर लावली.

मी म्हणालो की चावतील. ते म्हणाले, "चावू द्यात. आदी सांगा, कवापासनं जड फिरतोय?"

मी दिवाळीपासून म्हणालो. गार असतानाच की तापल्यावरही, असं त्यांनी विचारलं. दोन्ही वेळेला, मी म्हणालो. बॅटऱ्या नव्या असल्याचंही सांगितलं.

केबिनमध्ये सीटच्या मागे सुमनची तोंडावर घ्यायची जाळी आणि हातमोजे टांगलेले होते. ते त्यांना दिले. जाळी डोक्यावर घालताना त्यांनी कोणाची म्हणून विचारलं. बायकोची, लेकीकडे गेली आहे, मी म्हणालो. हातमोजे मात्र त्यांनी परत दिले, ते घालून नट धरता येत नाही म्हणाले.

त्यांनी मला पुढचे दिवे लावून किल्ली फिरवायला सांगितलं आणि स्वतः समोर उभे राहिले. सेल्फ कण्हला. दिवे तसेच लखलखीत राहिले.

"दिवं मंद झालं न्हाईत," ते म्हणाले. "म्हंजे बॅटरीत दम हाय. तो दम सेल्फपातूर पोचत न्हाई. बॅटऱ्या उगंच बदलल्यासा."

मग ते मीटर घेऊन ट्रकखाली गेले. मी वरून किल्ली फिरवायची आणि त्यांनी खालून आकडा सांगायचा, असं सुरू झालं. बॅटरीवर आकडा फारसा पडला नाही. सेल्फवर मात्र पाव भाग नाहीसा झालेला. बॅटरीपासून सेल्फला जाणारी जाड तार त्यांनी तपासली, ती चांगली होती. शेवटी मीटरची एक तार बॅटरीच्या दुसऱ्या टोकाला आणि एक सेल्फच्या अंगाला लावली.

"फिरवा," खालून आवाज आला. मी फिरवली. "सहा दावतंय. हितं शून्याच्या आसपास पायजे. अर्थिंग गेलंय तुमचं."

त्यांनी मला खाली बोलावलं. बॅटरीच्या पेटीशेजारी, चासीवर (गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर) जिथे वीज बॅटरीकडे परत नेणारी अर्थिंगची तार बोल्टने आवळली होती, तिथे हात लावायला सांगितलं. बोल्ट चटका बसेल इतका तापला होता. वीज तिथे अडत होती आणि सगळी उष्णता तिथेच निघत होती. बोल्टावर काळा, चिकट थर होता. कांबळ्यांनी नखाने खरवडला, नाकाशी नेला आणि माझ्याकडे पाहिलं.

"ह्यो मध हाय व्हय?"

मी वर पाहिलं. ट्रकच्या फळ्यांचा पुढचा कोपरा बरोबर त्या बोल्टावर होता. पेट्या हलवताना पोळ्यांतून थोडा मध गळतोच. फळ्यांच्या फटींतून तो खाली ठिबकत होता, त्यावर धूळ, त्यावर पाऊस. पेट्या उतरवून झाल्या की सुमन दर खेपेला कढत पाणी घेऊन फळ्या आणि त्यांच्या खालचं सगळं धुवायची. मला ते जास्तीचं काम वाटायचं. गेली दोन वर्षं मी पेट्या उतरवून सरळ झोपत होतो.

बोल्ट गंजून एकजीव झाला होता, तो सोडवायला तास गेला असता. कांबळे म्हणाले की त्याला आत्ता हात लावायचा नाही. त्यांनी पेटीतून अंगठ्याएवढी जाड तार काढली, तिचं एक टोक बॅटरीच्या टर्मिनलला आणि दुसरं सेल्फच्या स्वतःच्या बोल्टला, धातू घासून, आवळून बसवलं. हे करताना त्यांच्या मनगटावर माश्या बसत होत्या. त्या त्यांनी झटकल्या नाहीत, फुंकर मारून उडवल्या. तीन तरी चावल्या असतील.

"आता मारा सेल्फ."

मी किल्ली फिरवली. इंजिन एका दमात फिरलं आणि चालू झालं. दिवाळीनंतर पहिल्यांदा. टपरीसमोरची माणसं काही म्हणाली असतील, मला ऐकू आलं नाही.

कांबळ्यांनी जाळी परत दिली आणि सांगितलं की थांबू नका, डोंगर गाठा. ही तार धरून राहील, पण सेल्फचे कार्बनही (आतल्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे तुकडे) झिजले असणार, परत जाताना या, सगळं उघडून बघू.

वारणेच्या बाजूने कोडोली, बांबवडे, मग चढ लागला. ऊस मागे पडला, माती लाल झाली, भातकापणी झालेली मोकळी खाचरं डोंगराच्या पायऱ्यांसारखी वर जात होती. शाहूवाडीत दरवर्षी ज्यांच्या रानात पेट्या ठेवतो ते गणपातात्या कुंपणापाशी वाट बघत उभे होते. साडेदहा वाजले होते. आम्ही दोघांनी आणि त्यांच्या सुनेने पेट्या जांभळाखाली उतरवल्या आणि एकेक तोंड उघडलं. माश्या बाहेर आल्या, पेटीसमोर भिंगऱ्या घेऊन जागा ओळखू लागल्या. नवीन गावी आल्यावर त्या आधी एवढंच करतात.

चार पेट्यांमधून कोणी बाहेर आलं नाही. त्या मी दुपारी उघडल्या. तळाशी ओला, काळा थर होता. गणपातात्यांनी खड्डा काढला आणि मी तो भरला.

त्यांच्या घरी नाचणीची भाकरी, खर्डा (खरबरीत वाटलेली हिरवी मिरची) आणि ताक असं जेवण झालं. सुनेने सुमनबद्दल विचारलं, मावशी या वर्षीपण आल्या नाहीत का. मी नाही म्हणालो. दोन दिवस पेट्यांजवळच्या झोपडीत राहिलो. पहाटे डोंगरावर धुकं असतं आणि ऊन आलं की सगळं झाड गुणगुणायला लागतं. मी हे कोणाला तरी दाखवायला वळलो, असं दोनदा झालं.

ट्रकवर न मावल्याने घरी राहिलेल्या तीस पेट्या आणायच्या होत्या. तिसऱ्या दिवशी मोकळी गाडी घेऊन सकाळी निघालो आणि आठ वाजता वडगावात कांबळ्यांच्या दुकानात पोचलो. दहा फुटांची खोली, भिंतीवर बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर, खाली सेल्फ आणि डायनामो ओळीने मांडलेले. त्यांनी आधी तो गंजलेला बोल्ट कापून काढला. चासीचा पत्रा पॉलिश पेपरने चांदीसारखा केला, नवी तार बसवली, वरून ग्रीस लावलं. मग सेल्फ उतरवून उघडला. कार्बन करंगळीच्या नखाएवढे उरले होते आणि दांडा ज्यात फिरतो तो बुशही झिजला होता. ते म्हणाले की वीज कमी मिळते तेव्हा सेल्फ जास्त ओढतो आणि लवकर झिजतो, एकातून दुसरं झालंय.

ते नवे कार्बन बसवत होते तेव्हा मी दारातल्या बाकावर बसून सुमनला फोन लावला. झालेलं सगळं सांगितलं. मधाचं ऐकल्यावर ती म्हणाली, "तिथं मी कढत पाणी टाकायचे ना." माहीत आहे, मी म्हणालो. किती पेट्या गेल्या, तिने विचारलं. चार, मी म्हणालो. मागे नात काहीतरी मागत होती.

"अहो," ती म्हणाली, "पुढच्या वर्षी थोड्याच ठेवा. तुम्हाला एकट्याला झेपतील तेवढ्याच."

ती परत येणार नाही, हे दोन वर्षांत आमच्यात कोणी बोललं नव्हतं. तिने ते अगदी साध्या आवाजात सांगितलं, भाजी आणायला सांगावी तसं. पन्नास ठेवतो, मी म्हणालो. चाळीस, ती म्हणाली. मग नात रडायला लागली आणि तिने फोन ठेवला.

कांबळ्यांनी ऐकलं असणार, दुकान केवढंसं. जोडलेला सेल्फ माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "ह्यो जरा धरा, मी खालनं बोल्ट लावतो." तो चांगला जड होता. ट्रकखाली आडवं पडून मी तो छातीवर तोलून धरला, ते एकेक बोल्ट आवळत गेले. झाल्यावर त्यांच्या घरून चहा आला. निघताना मी गाडीतल्या मधाच्या दोन बाटल्या दिल्या. त्यांनी एक ठेवली आणि दुसरी अक्कांना द्यायला सांगितली, फोन त्यांनी केला होता म्हणून.

टपरीवर बाटली दिली, चहा घेतला आणि पुढे निघालो. त्या दिवशी मी वाटेत तीनदा गाडी बंद केली, गरज नसताना. मिरजेच्या पुढे एका लिंबाखाली नुसता थांबलो, इंजिन बंद केलं, डबा खाल्ला, पुन्हा चालू केलं. तिन्ही वेळेला गाडी एका दमात चालू झाली.

संध्याकाळी घरी पोचलो. अंगणात तीस पेट्या होत्या. त्यांच्यातल्या चांगल्या दहा डोंगरात न्यायला बाजूला काढल्या. बाकीच्या वीस एका ओळखीच्या मधपाळाला द्यायचं ठरवून त्याला तसा निरोप पाठवला. डोंगरातल्या एकशे सहा पेट्यांमधल्याही बऱ्याच हंगाम संपला की जातील. निर्णय घेताना फार जड गेलं नाही. जड जाईल असं वाटलं होतं.

प्रवास तसा लहानच, जाऊन-येऊन साडेपाचशे किलोमीटर असेल. त्याच रस्त्याने मी वीस वेळा गेलो आहे. तरी हे लिहून ठेवावंसं वाटलं. सुमनला मी बोल्टाचं सांगितलं, मीटरचं सांगितलं, कांबळ्यांचं आणि मेलेल्या चार पेट्यांचंही सांगितलं. त्या सकाळी केबिनमध्ये पाऊण तास बसलो असताना, पाठीमागचा आवाज चढत असताना, मी फार घाबरलो होतो, हे तेवढं सांगायचं राहिलं. ती शेजारी असती तर ते सांगावं लागलंच नसतं.